अज्जीचा खडक

आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी. पौषात, शाकंभरी नवरात्रात जाऊन ओटी भरून यायची ही सासूबाईंची शिस्त. त्या होत्या तोवर दरवर्षी जाणं व्हायचं. आता माझे गुडघे आणि घरातल्यांच्या सुट्ट्या यांचा मेळ बसला, तर दोन-तीन वर्षांनी एकदा. बार्शीहून सोलापूर, तिथून गदगकडे जाणारी गाडी धरायची आणि विजापूर, बागलकोट करत बदामीला उतरायचं.

दोन वर्षांपूर्वी असंच निघायचं ठरलं आणि पुण्याहून लेकीचा फोन आला, ‘‘आई, मीपण येते. पण पाच दिवस राहायचं हं.’’

मी हरखलेच. सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी मुलगी आपणहून कुलदेवीला येते म्हणते! शेजारच्या वहिनींनाही सांगून टाकलं. सोलापूर स्टेशनावर ती भेटली, तर पाठीवर तिच्याएवढीच सॅक. हात लावून बघितला, गव्हाचं पोतं परवडलं. आत सत्तर मीटर दोर, लोखंडी कड्यांची माळ आणि पावलं चिणून टाकतील असे इवलेसे बूट.

‘‘हे काय गं?’’

‘‘संध्याकाळी तुझी देवी, सकाळी माझा दगड,’’ म्हणाली.

तर पाच दिवसांचं रहस्य हे होतं. तिच्या ग्रुपमधली दोन मुलं आधीच बदामीत येऊन थांबली होती.

ती शनिवार-रविवार डोंगरात जाते हे मला माहीत होतं. मी समजत होते, ट्रेकिंग असेल. गडावर जायचं, पिठलं-भाकरी खायची, फोटो काढायचे. पण हातांना घट्टे कशाने पडतात ते कळत नव्हतं. एकदा मुलगी बघायला आलेल्या बाईंनी तिच्या तळव्यांकडे बघून विचारलं होतं, ‘‘घरी शेती आहे का?’’ मी कसनुसं हसले होते.

बदामी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या डोक्यावर तांबड्या दगडाचे उभे कडे, मध्ये अगस्त्य तीर्थाचं पाणी, आणि कड्यात चालुक्यांनी कोरलेली लेणी. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा आहे. बाजारात इरकल साड्या. चोळीचे खण जिथे विणले जातात ते गुळेदगुड्डही जवळच. बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपलीतून ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही घेऊन बसतात. तीर्थाच्या काठावर बसून ते जेवण जेवलं की मला पुढचं वर्षभर हॉटेलचं खावंसं वाटत नाही. नवरात्रात देवीला १०८ प्रकारच्या भाज्या वाहतात, तिचं शाकंभरी हे नाव सार्थ करत.

या तांबड्या दगडासाठी देशोदेशीचे प्रस्तरारोहक बदामीला येतात, हे मात्र इतक्या वर्षांच्या खेपांमध्ये माझ्या गावीही नव्हतं.

लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं, लेण्यांच्या आणि देवळांच्या भिंतींना चढण्यासाठी हातसुद्धा लावायचा नसतो, ती संरक्षित स्मारकं आहेत. चढायचे खडक वेगळे, थोडे बाजूला. तिचा खडक तर बदामीपासून काही किलोमीटरवर, एका लहानशा वस्तीला लागून होता. वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी दुपारी मी सोबत गेले. उन्हं कलली होती, खडकावर सावली आली होती. वीस-बावीस मीटरचा उभा कातळ आणि वर जाता जाता तो आपल्याच अंगावर झुकलेला. बघूनच मान दुखायला लागली.

या खेळाला स्पोर्ट क्लायंबिंग म्हणतात. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आला. यात डोंगराच्या माथ्यावर पोचायचं नसतंच. कातळात आधी कुणीतरी ड्रिलने भोकं पाडून पोलादी बोल्ट बसवलेले असतात. चढणाऱ्याने दोराला लटकून वर जायचं नाही, आपल्या हातापायांवर चढायचं आणि वाटेत बोल्ट येईल तसा त्यात दोर अडकवत जायचं. खाली जोडीदार दोराचं दुसरं टोक सांभाळत उभा. दोर पडल्यावर वाचवायला, चढायला नाही. हे मला नीट कळलं ते लेक माझ्या डोळ्यांदेखत पडल्यावर. शेवटच्या बोल्टच्या दीड-दोन मीटर वर गेली होती, बोटं सुटली, आणि तेवढीच खाली, म्हणजे चार मीटर आली. वर दोर ताणला जातो तो वेगळाच. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. ती हवेत झोके खात हसत म्हणाली, ‘‘आई, ओरडू नकोस गं, वस्तीतली माणसं घाबरतील.’’

हसणं बाजूलाच, मी दोन मिनिटं पदर तोंडाला लावून बसले होते.

पडण्याची जागा ठरलेली होती. पाचव्या बोल्टच्या पुढे दोन बोटं जेमतेम शिरतील एवढं भोक, डावा पाय मसुराच्या दाण्याएवढ्या उंचवट्यावर, आणि उजवा हात लांब फेकून एक धार पकडायची. सगळ्या मार्गात सर्वात अवघड असा हा तुकडा. त्याला ही मुलं ‘क्रक्स’ म्हणतात. तीनच हालचाली. त्या तीन हालचालींसाठी ही मुलगी वर्षभर पुण्यात कामावरून सुटल्यावर लाकडी भिंतीवर लटकत होती.

मार्गांना प्रत असते. फ्रेंच पद्धतीत आधी आकडा, मग ए, बी, सी आणि अधिकचं चिन्ह. हिचा मार्ग सात-बी. बदामीतला ‘गणेशा’ हा नावाजलेला मार्ग आठ-बी-प्लस. पुण्याच्या तुहिन सातारकरने तो केलेला आहे. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अँगेला आयटर या ऑस्ट्रियाच्या बाईने स्पेनमधला नऊ-बी मार्ग केला. तोवर जगात कुठल्याच बाईने त्या प्रतीचा मार्ग केला नव्हता. त्या मार्गाच्या नावात शिव आहे म्हणे. ते ऐकून मी हात जोडले, लेकीने कपाळाला हात लावला.

मार्ग ‘झाला’ कधी म्हणायचा याचाही नियम आहे. सराव करताना कितीही वेळा पडा, पण एकदा तरी खालून वरपर्यंत न पडता, दोरावर न विसावता गेलात तरच तो तुमचा. याला ‘रेडपॉइंट’ म्हणतात. १९७५ च्या सुमारास जर्मनीतला कुर्ट अल्बर्ट असा मार्ग केला की खडकाच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा, त्यावरून हे नाव पडलं. आता कुणी ठिपका रंगवत नाही. चढताना हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या खुणासुद्धा जाताना ब्रशने पुसायच्या असतात. लेक ते काम मन लावून करत होती. घरी ओटा पुसायला सांगितला की हिची कंबर धरते, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी ही मंडळी पहाटे साडेपाचला निघाली. हवा गार असली की बोटांना घाम येत नाही, बुटाचं रबरही दगडाला घट्ट धरतं. खडक पूर्वेकडे तोंड करून उभा, त्यामुळे ऊन आलं की दुपारपर्यंत तापत राहतो. दुपारनंतर सावली असते, पण दगडाची धग लगेच जात नाही. म्हणून पहाट. त्या सकाळी ती क्रक्सची दुसरी हालचाल करून पडली. आल्यावर बोटांना तेल चोळत म्हणाली, ‘‘होणार गं. उद्या होणार.’’

आणि त्या रात्री अवकाळी पाऊस आला. घटकाभरच, पण चांगला सपाटून.

मला वाटलं, सकाळी ऊन पडलं की झालं. पण नाही. हा वाळूचा दगड आहे. ओला झाला की कणांना धरून ठेवणारा चिकटा नरम पडतो, आणि मग ज्या धारेवर वर्षानुवर्षं लोक चढले ती एका हाताच्या जोराने मोडून येते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. बोल्टचाही भरवसा राहत नाही. त्यामुळे दोन दिवस खडकाला हात लावायचा नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. कुणी सांगायला आलं नव्हतं, अडवायलाही नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी आमची गाडी. म्हणजे हातात उरली शेवटची एक पहाट.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी बनशंकरीला गेलो, ओटी भरली. चौथ्या दिवशी ती मुलांबरोबर खडक किती वाळलाय ते बघायला गेली. मीही गेले, आणि ती मंडळी मान वर करून बसली तेव्हा वस्तीकडे वळले.

माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मोडकं-तोडकं कानडी येतं. एका पत्र्याच्या घरासमोर एक अज्जी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अंगावर विटका इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी दिसताच म्हणाली, ‘‘ऊट आत?’’ जेवलीस का, हा त्यांच्याकडचा पहिला प्रश्न. मी बसले, सूप पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला लागले. अशा वेळी हात चालू असले की बोलणं आपोआप सुरू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘‘निम्म मगळा?’’ खडकाकडे हनुवटी करून तिने विचारलं. तुझी मुलगी का ती?

मी अभिमानाने हो म्हटलं.

‘‘वर काय मिळतं तिला?’’

‘‘काही नाही. एक साखळी आहे, तिला दोर लावून खाली यायचं.’’

अज्जी एवढी हसली की शेंगा मांडीवरून सांडल्या. म्हणाली, तिची शेळी मागच्या वाटेने रोज वर जाते, तिला बोलवायला कुणी जात नाही.

हसणं ओसरलं. मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता तिने जे सांगितलं, त्याने मी गारच झाले.

खडकाच्या पायथ्याची ती झुडपं, ते मोठे दगड, ती वस्तीतल्या बायकांची परसाकडची जागा होती. पहाटे उजाडायच्या आत आणि तिन्हीसांजेला. घरोघरी संडास बांधून झालेत, पण नळाला पाणी रोज येत नाही. हंडाभर पाणी प्यायचं की तिथे ओतायचं? अज्जीच्या संडासात सरपण आणि शेळीचा पाला होता. आपल्याकडच्या कितीतरी वस्त्यांमध्ये वेगळं काय आहे? हिवाळ्यात पहाटे डोक्याला दिवे लावून मुलंमुली येतात, खडकावर चढतात, वरून सगळं दिसतं. एकदा कुणीतरी भुणभुण करणारं उडतं यंत्र आणलं होतं, त्यात फोटो निघतात म्हणे. तेव्हापासून सुनांनी तिकडे जाणं सोडलं. आता त्या पार ओढ्याच्या पलीकडे जातात, अंधारात. एकीला मागच्या महिन्यात विंचू चावला.

‘‘सांगितलं का नाहीत तुम्ही त्यांना?’’

अज्जी म्हणाली, ‘‘काय म्हणून सांगायचं? आणि कुणाला? सगळी पोरं.’’ गड्यांनी एकदा मुलांना सांगितलं होतं, आठाच्या आत येऊ नका. कारण मात्र सांगितलं नव्हतं. कोणता पुरुष ते कारण परक्या मुलांना सांगेल?

परवाच्या पहाटे डोक्याला दिवा लावून गेलेल्यांत माझीच लेक होती.

रात्री लॉजवर मी तिला सांगितलं. आधी ती उसळली. ‘‘आई, आम्ही कुणाकडे बघत नाही गं! आमचं लक्ष फक्त दगडावर असतं.’’

‘‘तू बघत नाहीस. पण तू तिथे आहेस ना?’’

‘‘मग मी काय करू? एकच पहाट राहिलीय. वर्षभर...’’ तिचा आवाज चिरकला. वर्षभराचं ते लटकणं मला दिसत होतं. पण विंचवाचंही डोक्यातून जात नव्हतं. जरा कडकच बोलले मी. बार्शीला आपल्या वाड्यामागे कुणी उभं राहिलं असतं तर तुझ्या आजीने काय केलं असतं, असं काहीसं. ती पांघरूण डोक्यावर ओढून झोपली. मला काही झोप लागली नाही.

बऱ्याच वेळाने पांघरुणातूनच आवाज आला, ‘‘त्यांनी आठच्या आधी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, उगाच दादागिरी करतायत. मी विचारलंच नाही का म्हणून.’’

मग उठून बसली आणि तिने मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. नेव्हाडात टाहो नावाच्या सरोवराकाठी केव्ह रॉक नावाचा खडक आहे. तिथल्या वाशो या मूळच्या लोकांचं ते पवित्र ठिकाण, त्यांच्यातही मोजक्या जाणत्यांनीच जायचं असं. तिथे प्रस्तरारोहकांनी बोल्ट ठोकून मार्ग तयार केले, गुहेत बसायला-उठायला फरसबंदीसुद्धा केली. ‘स्लेयर’ नावाचा तिथला एक मार्ग भलताच अवघड म्हणून नावाजलेला. वाशो लोक सांगत राहिले. शेवटी २००३ मध्ये वनखात्याने तिथे चढण्यावर बंदी आणली, आरोहकांची संघटना कोर्टात गेली, आणि २००७ मध्ये अपिलातही हरली. ‘‘आमच्यातले बरेच जण अजून म्हणतात, त्याच खडकातून हायवेचे दोन बोगदे काढलेत, ते चालतात, आणि आम्हीच नको? मीही तसंच म्हणायचे,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, बोगदे खणणाऱ्यांनी तरी कुठे विचारलं असेल त्यांना?

पाचव्या दिवशी पहाटे गजर झाला नाही. साडेसातला चहा घेऊन आम्ही निघालो. वस्तीच्या अलीकडे एका चिंचेखाली सगळे बसून राहिलो. मुलांना लेकीने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दोघंही खाली बघत माती उकरत होते. आठ वाजून गेल्यावर अज्जी शेळी घेऊन बाहेर आली, आम्हाला बघून थबकली. मग हाताने ‘या’ अशी खूण केली.

तोवर ऊन पूर्ण खडकावर आलं होतं.

दोर बांधून ती चढली. खालचे चार बोल्ट सरसर. पाचव्याला थांबली, पाठीमागच्या पिशवीत हात घालून पावडर लावली, एकदा, दोनदा. दोन बोटं भोकात. डावा पाय मसुराच्या दाण्यावर. उजवा हात फेकला आणि धार पकडली! खालून मुलं ओरडली, मीही ओरडले असेन. परवा इथवर पोचायच्या आधीच ती सुटली होती. आता राहिलं होतं फक्त अंग वर ओढून घेणं. तिची बोटं घामाने एकेक करत सरकताना मला खालून दिसली. दिसली म्हणजे काय, मला जाणवलीच.

पडली. लोंबकळत राहिली. वरून काही बोलली नाही, हसलीही नाही. थोड्या वेळाने पुन्हा खडकाला लागून सगळ्या धारांवरची पावडर ब्रशने पुसत बसली.

खाली आल्यावर अज्जीने तिला बोलावलं, तिचा तळहात आपल्या हातात घेतला आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग आपला तळहात उघडून तिच्या शेजारी धरला. मला म्हणाली, ‘‘खुरप्याचे माझे. तिचे कशाचे?’’ मी खडकाकडे बोट दाखवलं. अज्जीने मान हलवली. तिला पटलं असं नाही म्हणता येणार.

गाडीत लेक खिडकीशी बसली. बागलकोट गेलं तरी बोलेना. मी अज्जीने बांधून दिलेली भाकरी पुढे केली तर खाल्ली मात्र पोटभर.

पुण्याला गेल्यावर तिने आणि त्या दोघांनी आपल्या ओळखीच्या सगळ्या ग्रुप्सना कळवलं. त्या खडकावर सकाळी आठच्या आधी आणि दिवेलागणीनंतर जायचं नाही. ड्रोन नाही, मोठ्याने गाणी नाहीत, खाली बायका दिसल्या तर फोन खिशात. कारण स्पष्ट शब्दांत लिहायचं की नाही यावर त्यांच्यात वाद झाला म्हणे. मुलांना संकोच वाटत होता. लेकीने लिहिलं. ‘कारण सांगितलं नाही म्हणूनच मी ऐकलं नव्हतं,’ असं तिचं म्हणणं. काहींनी तिला उलट सुनावलंही, की इतक्या लांबून जायचं आणि गार हवेची वेळ सोडायची तर मग जायचंच कशाला. एकाने लिहिलं, तुम्ही मुली ना, भावनिक होता. त्यावर तिने काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

सगळे पाळतात का? मला नाही वाटत. बोल्ट काही फक्त ओळखीच्यांसाठी बसवलेले नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या वस्तीत रोज पाणी आलं असतं तर हा प्रश्नच नसता, तेही मुलांनी दोर गुंडाळून सुटण्यातलं नाही. सुना अजून ओढ्यापलीकडेच जातात की परत दगडांकडे यायला लागल्या, हे मला अज्जीला विचारायचं आहे. फोनवर विचारण्यासारखं ते नाही, आणि अज्जीकडे फोनही नाही.

या पौषात आम्ही दोघी पुन्हा निघालोय. ओटीसाठी दोन खण काढून ठेवलेत, एक देवीचा, एक अज्जीचा. परवा लेकीने तिकिटांचा मेसेज पाठवला. मी नेहमीची दुपारची गाडी समजून बघायला गेले तर परतीची तारीख एक दिवस पुढची होती. फोन केला तर म्हणाली, ‘‘शेवटच्या दिवशी साडेचारला दगड गार व्हायला लागतो. दिवे लागायच्या आत मला तासभर मिळेल.’’